सावकाश वाचनाची ख्रिस्ती परंपरा : ‘लेक्तिओ दिविना’ आणि आध्यात्मिक वाढीस पोषक वाचनसवयी

गोषवारा

ख्रिस्ती आध्यात्मिक परंपरेत वाचन हे केवळ माहिती मिळविण्याचे साधन नसून अंतःकरणाच्या घडणीचे साधन मानले गेले आहे. ‘लेक्तिओ दिविना’ अर्थात ‘ईश्वरी वाचन’ या नावाने ओळखली जाणारी मठवासीयांची वाचनपद्धती हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप, तिचा ऐतिहासिक विकास, प्रॉटेस्टंट पंथातील तिच्याशी नाते सांगणारे प्रयोग आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील काही उदाहरणे यांचा परामर्श घेतला आहे. या परंपरेतील सावकाशपणा वाचकाच्या स्वभावावर किंवा फावल्या वेळावर सोपविलेला नव्हता; वेळ, मजकुराचे प्रमाण, उच्चार, आवृत्ती आणि सहवाचन यांच्या निश्चित व्यवस्थेतून तो घडविला गेला, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाचे जीवन वाचनाशी निगडित असते. तथापि त्याच्या वाचनाचे स्वरूप पाहिले असता ते बहुतांशी प्रयोजनापुरते असते असे दिसते. तासाची तयारी, शोधनिबंधासाठी संदर्भ, उत्तरपत्रिका, परिपत्रके आणि अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून सतत सरकत जाणारा मजकूर, यांतून दिवसाकाठी बरेच काही डोळ्यांखालून जाते. परंतु त्यांपैकी मनात काय मुरते, हा प्रश्न स्वतःला विचारण्याचे धैर्य क्वचितच होते. वाचनाचे प्रमाण वाढत असताना वाचनाचा परिणाम घटत जावा, ही आजच्या सुशिक्षिताची अडचण आहे.

ही अडचण नवी नाही. पुस्तके दुर्मीळ होती त्या काळातही वाचकाचे मन विचलित होई, कंटाळा येई आणि वाचल्याचे समाधान हेच वाचनाचे फळ समजले जाई. ख्रिस्ती मठांनी या अडचणीवर जो उपाय योजला तो केवळ उपदेशाचा नव्हता, तर दिनक्रमाचा होता. म्हणून धर्मश्रद्धेचा विषय म्हणून या परंपरेचा विचार जितका महत्त्वाचा आहे, तितकाच वाचनसंस्कृतीच्या अभ्यासाच्या दृष्टीनेही तो उद्बोधक ठरतो.

वाचन : पुटपुटणे, चघळणे, रवंथ करणे

या परंपरेचे मूळ बायबलच्याच शब्दकळेत आहे. स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच स्तोत्रात ईश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करणाऱ्या मनुष्याला धन्य म्हटले आहे. तेथे ‘मनन’ या अर्थी योजलेले ‘हागा’ हे हिब्रू क्रियापद मूळात ध्वनिवाचक आहे. हलक्या आवाजात पुटपुटणे असा त्याचा अर्थ होतो. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात भक्ष्यावर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी हेच क्रियापद आले आहे. म्हणजे मनन ही केवळ डोक्यात चालणारी क्रिया नव्हती. ओठ, जीभ आणि कान यांचा तीत सहभाग होता. यहेज्केल या संदेष्ट्याला दृष्टांतात गुंडाळीच खावयास सांगितले जाते, यामागेही शब्द शरीरात उतरला पाहिजे ही कल्पना आहे.

प्राचीन काळी वाचन सामान्यतः मोठ्याने होई. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचणारा कूशी अधिकारी आढळतो. फिलिप्प त्याला वाचताना ऐकतो, म्हणूनच वाचलेले समजते काय, असे विचारू शकतो. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनपर ग्रंथाच्या सहाव्या भागात मिलानचे बिशप अँब्रोज यांच्या मूकवाचनाची आवर्जून नोंद केली आहे. डोळे पानांवरून फिरत, मन अर्थ शोधी, परंतु वाणी स्तब्ध असे. भेटीस आलेली माणसे त्यांना न अडविता काही वेळ शांत बसून परत जात. मूकवाचन त्या काळी अगदीच अज्ञात होते असे मानण्याचे कारण नाही. तरीही ते नमूद करावेसे वाटले, यावरून उच्चारित वाचनाचे प्राबल्य लक्षात येते. उच्चारामुळे वाचनाच्या वेगाला आपोआपच मर्यादा पडते, हे येथे महत्त्वाचे आहे.

पुढील काळात मठवासीयांनी या प्रकारच्या वाचनाला गायीच्या रवंथाची उपमा दिली. सकाळी जे ‘खाल्ले’ ते दिवसभर काम करीत असताना पुन्हा वर आणून चघळावयाचे. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. श्रवण, मनन व निदिध्यासन ही त्रयी आपल्याला परिचित आहे. दोन्ही परंपरांची तात्त्विक बैठक भिन्न आहे, हे ध्यानात ठेवूनही वाचन हे पचनासारखे आहे, या जाणिवेतील साम्य लक्षणीय आहे.

संत बेनेडिक्ट : सावकाशपणाचे वेळापत्रक

या जाणिवेला संस्थात्मक रूप देण्याचे श्रेय मुख्यतः नर्सियाचे संत बेनेडिक्ट (सुमारे इ. स. ४८० ते ५४७) यांच्याकडे जाते. इटलीतील माँते कासिनो येथील मठासाठी सहाव्या शतकात त्यांनी सिद्ध केलेली ७३ प्रकरणांची नियमावली पश्चिम युरोपातील मठजीवनाचा आधार बनली. तिचे ४८ वे प्रकरण शारीरिक श्रमांविषयी आहे. परंतु वाचनाच्या वेळा त्याच प्रकरणात दिल्या आहेत. श्रम आणि वाचन हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नसून एकाच दिवसाचे दोन हात आहेत, असा याचा अर्थ आहे.

त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा भाग करीत. ईस्टरपासून १ ऑक्टोबरपर्यंत मठवासीयांनी सकाळी काम करावे व चौथ्या तासापासून सहाव्या तासापर्यंत वाचावे, असा नियम होता. हिवाळ्यात वाचन सकाळीच, दुसरा तास संपेपर्यंत असे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ही मर्यादा तिसऱ्या तासापर्यंत वाढे. या उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येकाला ग्रंथालयातून एकेक ग्रंथ दिला जाई आणि तो पहिल्यापासून क्रमाने, संपूर्ण वाचावा अशी अपेक्षा असे. रविवारी, नेमून दिलेली कामे असणाऱ्यांखेरीज सर्वांनी वाचनात वेळ घालवावयाचा असे.

बेनेडिक्ट यांना मनुष्यस्वभावाची पुरती जाण होती. वाचनाच्या वेळेत एकदोन ज्येष्ठांनी मठात फेरी मारावी आणि कोणी गप्पा मारीत किंवा आळसात बसून स्वतःचा व इतरांचा वेळ दवडीत नाही ना, हे पाहावे, अशी तरतूद त्यांनी केली. सहाव्या शतकातील संन्याशालाही पुस्तक घेऊन बसविण्यासाठी देखरेख लागत होती, ही गोष्ट आजच्या वाचकाला काहीसा दिलासा देणारी आहे. दुपारच्या विश्रांतीत कोणाला वाचावयाचे असल्यास इतरांना त्रास न होईल अशा बेताने वाचावे, असेही ते सांगतात. ३८ व्या प्रकरणानुसार भोजनाच्या वेळी नेमलेला वाचक आठवडाभर वाचीत असे व इतरांनी कुजबुजही न करता ऐकावयाचे असे. ४२ व्या प्रकरणात रात्री झोपण्यापूर्वी काय वाचावे याचाही विचार आहे. कासियन यांचे संवाद किंवा संतचरित्रे वाचावीत. जुन्या करारातील आरंभीचे सात ग्रंथ व राजांचे ग्रंथ त्या वेळी वाचू नयेत, कारण दुर्बळ मनांना ते त्या घटकेस हितकर नव्हेत, ते इतर वेळी वाचावेत. कोणत्या वेळी काय वाचणे मनाला मानवते, याचा इतका बारकाईने विचार क्वचितच आढळतो.

या तपशिलावरून एक बाब स्पष्ट होते. बेनेडिक्ट यांनी ‘वेळ मिळाल्यास वाचा’ असे सांगितले नाही. वाचनाचा वेळ आधी राखून ठेवला आणि त्यानुसार कामाच्या वेळा बसविल्या.

गिगो यांच्या चार पायऱ्या

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील आल्प्स पर्वतातील ग्राँद शार्त्रज या कार्थूझियन मठाचे नववे मठाध्यक्ष गिगो द्वितीय यांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्ररूप ग्रंथात या वाचनाची क्रमबद्ध मांडणी केली. मठवासीयांची शिडी असे त्याचे नाव असून तिला चार पायऱ्या आहेत : वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. चिंतन म्हणजे येथे विचार करणे नव्हे, तर ईश्वराच्या सान्निध्यात निःशब्द विसावणे होय. गिगो यांनी भोजनाचा दृष्टांत दिला आहे. वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थनेने त्याची चव लागते आणि चिंतन ही ती गोडीच असते. उदाहरणादाखल त्यांनी गिरिप्रवचनातील अंतःकरणाने शुद्ध असणाऱ्यांविषयीचे केवळ एक वचन घेतले आहे. या एका वचनावर वाचक किती काळ थांबू शकतो, हे ते दाखवून देतात.

या पायऱ्या परस्परावलंबी आहेत, हा गिगो यांचा विशेष आग्रह आहे. मननाविना वाचन शुष्क होते आणि वाचनाविना मनन भरकटते. यातील दुसरा भाग आज अधिक महत्त्वाचा आहे. सावकाश वाचन म्हणजे मजकुराच्या निमित्ताने स्वतःच्याच विचारांत रमणे नव्हे. मजकुराचा अर्थ आधी नीट समजून घेणे, हीच पहिली पायरी आहे.

आधुनिक काळात कॅथलिक धर्मसभेने ही पद्धती मठांच्या भिंतींबाहेर सर्वसामान्य श्रद्धावंतांसाठी पुरस्कारिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या ईश्वरी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात शास्त्रवाचनाला प्रार्थनेची जोड असावी, असे प्रतिपादन आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० मधील आपल्या लेखनात या चार पायऱ्यांचे विवेचन करून, ही प्रक्रिया कृतीत उतरल्याशिवाय पूर्ण होत नाही, असे स्पष्ट केले.

प्रॉटेस्टंट परंपरेतील दोन प्रयोग

प्रॉटेस्टंट पंथांत बायबलवाचन घराघरांत पोहोचले आणि संपूर्ण बायबल वर्षभरात वाचण्याच्या योजना लोकप्रिय झाल्या. स्कॉटलंडमधील डंडी येथील तरुण धर्मोपदेशक रॉबर्ट मरी मॅकशेन (१८१३ ते १८४३) यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी केलेली योजना आजही वापरात आहे. दररोज साधारण चार अध्याय वाचल्यास वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. प्रॉटेस्टंट बायबलच्या १,१८९ अध्यायांचा विचार करता हे प्रमाण बरेच आहे. विशेष असे की, योजना देतानाच मॅकशेन यांनी तिचे धोकेही नोंदविले : वाचन उपचारापुरते होणे, नेम पाळल्याचा अहंकार जडणे, निष्काळजीपणे वाचणे आणि नेमाचे जोखड झेपेनासे होणे. आपल्याच योजनेविषयी इतकी सावधगिरी बाळगणारा योजक विरळाच.

दुसरा प्रयोग जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहोफर यांचा आहे. नाझी राजवटीच्या काळात फिंकनवाल्ड येथे १९३५ पासून त्यांनी चालविलेले धर्मगुरू-प्रशिक्षण केंद्र १९३७ मध्ये गेस्टापोने बंद केले. तेथे विद्यार्थ्यांना रोज अर्धा तास शांतपणे मनन करावे लागे आणि त्यासाठी दिलेला छोटासा उतारा आठवडाभर तोच असे. प्रवचनाची तयारी वा भाष्यग्रंथ यांना त्या वेळात स्थान नव्हते. अनेकांना हा नेम प्रथम जड गेला. या सहजीवनाच्या अनुभवावर आधारलेले त्यांचे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी दोन प्रकारच्या वाचनांत भेद केला आहे. सामूहिक उपासनेत ग्रंथ क्रमाने व दीर्घ वाचावा, म्हणजे संपूर्ण कथनाचे भान राहते. एकांतात मात्र थोडे वाचावे आणि त्यावर थांबावे. मॅकशेन यांनी दाखविलेल्या धोक्यांवर हा एक प्रकारे उपायच आहे. बाहेरची परिस्थिती अत्यंत तातडीची असताना बोनहोफर यांनी विद्यार्थ्यांना अर्धा तास एकाच उताऱ्यापाशी बसविले. सावकाशपणा म्हणजे जबाबदारीतून पळ नव्हे, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील अनुबंध

येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२१ मध्ये पाम्प्लोना येथे जखमी होऊन अंथरुणाला खिळले असता त्यांनी वीरकथा मागितल्या. घरात त्या नसल्याने ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे हाती आली आणि त्या वाचनाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे त्यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथात, पुष्कळ जाणण्यापेक्षा थोडे आतून चाखणे आत्म्याला तृप्त करते, असे तत्त्व मांडले. याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स (१५४९ ते १६१९) यांनी गोव्यात मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ मध्ये छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती समाजासाठी होता. मुद्रित असूनही तो मुख्यतः वाचून दाखविण्याचा व ऐकण्याचा ग्रंथ होता. ओवीची लयच वाचकाला घाई करू देत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळक यांना १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. गिरिप्रवचनाच्या अध्यायांपाशी आल्यावर ते तेथेच खिळून राहिले, ही हकीकत त्यांच्या चरित्रातून सुपरिचित आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. वाचन आणि निर्णय यांमधील हा काळ मननाचाच होता, असे म्हणता येईल. त्यांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्णत्वास नेले.

पंडिता रमाबाईंचे (१८५८ ते १९२२) उदाहरण याहून वेगळे आहे. केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये दुष्काळपीडित व निराधार स्त्रिया-मुलींचा सांभाळ करीत असताना त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. हे काम त्यांच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत चालले आणि मुक्तीच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांच्या सहभागाने ते छापले गेले. भाषांतर हा वाचनाचा सर्वांत सावकाश प्रकार होय, कारण त्यात एकही शब्द ओलांडून पुढे जाता येत नाही. त्यांच्या दिवसात निवांतपणा होता असे कोणी म्हणणार नाही. तरीही शब्दापाशी थांबण्याची सवय होती. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ या ग्रंथास २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. मराठी वाचकाला आपल्या भाषेत सावकाश वाचता येईल असा मजकूर देण्याची परंपरा त्याने पुढे नेली.

या परंपरेतून दिसणाऱ्या वाचनसवयी

उपरोक्त विवेचनावरून पुढील सवयी निष्पन्न होतात.

१) वेळ आधी राखणे : वाचन उरलेल्या वेळेत न ढकलता दिवसाच्या ठरलेल्या भागात करणे. वेळ थोडा असला तरी तो रोजचा असावा.

२) मजकूर थोडा घेणे : एक उतारा, प्रसंगी एकच वचन. बोनहोफर यांच्याप्रमाणे तोच उतारा आठवडाभर घेतल्यास नवे वाचल्याचा आनंद मिळत नाही. परंतु जुन्यातील न दिसलेले दिसू लागते.

३) उच्चारून वाचणे : आवाजामुळे वेग मर्यादित होतो आणि गाळलेले शब्द ध्यानात येतात.

४) पुन्हा वाचणे व सोबत नेणे : वाचलेले एखादे वाक्य दिवसभराच्या कामात मनाशी घोळविणे.

५) इतरांबरोबर वाचणे : कुटुंबात किंवा लहान गटात एकाने वाचावे, इतरांनी ऐकावे. स्वतःच्या आवडीचेच वाचण्याला त्यामुळे आळा बसतो.

६) वाचन कृतीशी जोडणे : वाचलेल्याचा परिणाम शेजाऱ्याशी असलेल्या वागणुकीत दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर पानांची संख्या निरर्थक ठरते.

मर्यादा व आक्षेप

या पद्धतीवर काही आक्षेप घेता येतात. पहिला असा की, एकेका वचनावर थांबणारा वाचक संदर्भ सोडून मनाला येईल तो अर्थ काढू शकतो. यावर परंपरेनेच उत्तर दिले आहे : क्रमवाचन, अभ्यास आणि समुदायाची साथ यांनी वैयक्तिक मननाला लगाम घालावा. दुसरा आक्षेप सामाजिक आहे. मठवासीयाला घरसंसार नव्हता. नोकरी, घरकाम व प्रवास यांत दिवस जाणाऱ्या व्यक्तीला, विशेषतः स्त्रीला, हा सावकाशपणा कसा परवडावा? हा आक्षेप वजनदार आहे. मठवासीही दिवसाचे अनेक तास श्रम करीत, हे त्याचे अर्धेच उत्तर होय. उरलेले अर्धे उत्तर असे की, एकट्या व्यक्तीच्या निश्चयावर हे ओझे टाकू नये. कुटुंबाने आणि संस्थेने वेळ राखून दिला पाहिजे. तिसरी मर्यादा म्हणजे ही पद्धती श्रद्धेवर उभी आहे. प्रार्थना वगळून उरणाऱ्या वाचनाला ‘लेक्तिओ दिविना’ म्हणता येणार नाही. सर्वधर्मीय महाविद्यालयात ती जशीच्या तशी आणणे उचितही नाही. तथापि थोडे, मोठ्याने, पुन्हा आणि एकत्र वाचणे ही चार अंगे कोणत्याही अभिजात ग्रंथाच्या वाचनास लागू पडतात.

निष्कर्ष

१) ख्रिस्ती परंपरेत आध्यात्मिक वाढीचा संबंध वाचनाच्या प्रमाणाशी नसून वाचलेले किती खोल उतरते याच्याशी जोडलेला आहे.

२) सावकाशपणा हा स्वभावगुण नसून तो व्यवस्थेने घडतो. बेनेडिक्ट यांचे वेळापत्रक, गिगो यांच्या पायऱ्या आणि बोनहोफर यांचा अर्धा तास ही त्या व्यवस्थेची रूपे आहेत.

३) नेम हा उपकारक असला तरी तोच साध्य बनल्यास घाईचाच एक नवा प्रकार निर्माण होतो. मॅकशेन यांचा इशारा म्हणूनच आजही लागू आहे.

४) स्टीफन्स, टिळक व रमाबाई यांच्या कार्यावरून मराठीतही या प्रकारच्या वाचनाची मुळे असल्याचे दिसून येते.

विद्यार्थी वाचत नाहीत, ही तक्रार आपण प्राध्यापककक्षात नेहमी करतो. त्यांच्यासमोर सावकाश वाचणारी किती माणसे आहेत, हा प्रश्न त्या तक्रारीच्या आधी येतो. आठवड्यातील एका तासिकेत अभ्यासक्रम पुढे न ढकलता एखादे पान वर्गात मोठ्याने वाचून त्यावर थांबणे, हे कोणत्याही अध्यापकाला शक्य आहे. त्यासाठी वेगळ्या निधीची वा परवानगीची आवश्यकता नाही. केवळ तेवढा वेळ आधी राखून ठेवावा लागेल.